यमुनाताई खाटेवरून उतरत नाहीत

“खाली घ्या तिला, आत्ताच्या आत्ता! खाटेवर जीव गेला तर पुढं गती नाही!”

“तात्या, आवाज खाली घ्या. ताईंना खाली यायचं नाही.”

“तुम्ही कोण सांगणार? सख्खा दीर आहे मी!”

“सख्खे आज सकाळच्या गाडीनं आलात. मी दोन महिने इथं बसलेय!”

यमुनाताई पिंपरीच्या आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायच्या. पोटाचं दुखणं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी “आता घरीच ठेवा” म्हणून परत पाठवलेलं. जीव जायच्या वेळी माणसाला खाटेवरून भुईवर घेतात, ही रीत मला कुणी शिकवायला नको. पण ताईंची पाठ सोलून निघाली होती. नुसती कूस बदलायची म्हटलं तरी किंचाळायच्या. आणि खाली गारढोण शहाबादी फरशी! शेवटपर्यंत खिडकीजवळच्या खाटेवर राहू द्या, एवढं एकच त्यांनी मागितलं होतं. मी शब्द दिला होता. मी शब्द देते तेव्हा देते.

ते भांडण कसं मिटलं ते सांगतेच. पण आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या बाईकडे किस्से साचतात, कोनाड्यात औषधाच्या रिकाम्या बाटल्या साचतात तसे. टाकवत नाहीत. तेव्हा आधी त्यातले पाच ऐका.

*

ताईंचा मुलगा सदा कारखान्यात कामाला. त्याची शिफ्ट असली की आम्ही तिघी आलटूनपालटून बसायचो. मी, चाळीमागच्या रानातली पारूबाई आणि मोटारमेकॅनिकची बायको हलीमाबी. कारखान्याचा भोंगा झाला की आमचीही शिफ्ट बदलायची.

एकदा मला उशीर झाला तर पारूबाई दारातच कंबरेवर हात ठेवून उभी. “द्वारकाबाई, आमाला ओवरटाइम मिळतो का न्हाई?”

आतून ताई म्हणाल्या, “तुमच्या शिफ्टा झाल्या गं, पण माझी सुट्टी कधी?”

मी म्हटलं, “अर्ज वर गेलाय ताई. साहेबाची सही राहिलीय!”

ताई इतक्या हसल्या की पोट धरावं लागलं. दुखलंही. पण म्हणाल्या, “दुखू दे, हसून दुखलं ते चालतं.”

*

कासारवाडीहून एक लांबची नातलग भेटायला आली. उंबऱ्यातच गळा काढला. मग खाटेला टेकून सुरू झाली, “माझ्या सासूला अगदी हेच झालं होतं हो! शेवटी शेवटी तर...”

मी दंडाला धरून बाहेर नेलं. म्हटलं, “रडायचं तर नळावर जा, तिथं पाणी कमी येतंय!”

परत आले तर ताईंचा चेहरा पडलेला. मला वाटलं, घाबरल्या. हात हातात घेतला तर म्हणतात कशा, “बोलाव गं तिला परत. सासूचं पुढं काय झालं ते राहिलंच!”

*

हलीमाबीचा हात फार हलका. ताईंचे केस विंचरायची, पाठ पुसायची, चमच्याचमच्यानं पाणी पाजायची. पाणी पाजलं की घोट उतरेपर्यंत गळ्याकडे बघत राहायची. घाई नाही. मला ते कधीच जमलं नाही.

चाळीतली एक सोवळी बाई तिला म्हणाली, “तुझ्या हातचं पाणी पाजतेस, शेवटच्या वेळी?”

हलीमाबीनं चमचा खाली ठेवला नाही, की मान वळवली नाही. “बाई, पाणी नळाचं, हात माझा, तहान हिची. यात तुमचं काय आहे?”

बाई गेली. मी असते तर अर्धा तास भांडले असते!

*

आता माझ्या फजितीचा सांगते. लपवणाऱ्यातली मी नव्हे.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून अक्षरं शिकले. त्याचा मला गर्व होता, अजून आहे. ताईंना मी रोज पोथी वाचून दाखवायची, खणखणीत आवाजात. एके दिवशी सलग तीन अध्याय झाले. ताईंचे डोळे मिटलेले, चेहरा शांत. मला वाटलं, समाधी लागली!

चौथा अध्याय काढला, तर ताई डोळे न उघडता म्हणाल्या, “द्वारके, वाचायला शिकलीस, फार छान झालं. आता थांबायला शीक.”

दुपारभर मी फुगून बसले. पण फुगून का होईना, गप्प बसले होते. संध्याकाळी ताई म्हणाल्या, “आज तू खरी जवळ बसलीस.”

*

सदा बिचारा रोज म्हणायचा, “आई, दिवाळीपर्यंत तू हिंडाफिरायला लागशील बघ.” तो कामाला गेला की ताई छताकडे बघत राहायच्या.

एकदा त्यांनी माझं मनगट धरलं. “तू खोटं बोलत नाहीस. सांग, दिवाळी दिसेल मला?”

मी म्हटलं, “नाही दिसत, ताई.”

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग सुस्कारा टाकून म्हणाल्या, “सुटले! यंदा चकल्या नाहीत!”

त्या रात्री सदालाही त्यांनीच सांगितलं. तो आईच्या कुशीत शिरून रडला. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीचं बोलणं बंद, गप्पा सुरू.

*

तर, ते भांडण.

तात्या ऐकेनात. सदा एकदा काकांकडे बघे, एकदा आईकडे. ताई डोळे मिटून पडलेल्या, सकाळपासून शब्द नाही. त्यांना ऐकू येत नाही असंच आम्ही धरलेलं. तात्यांनी धोतर खोचलं आणि खाटेच्या पायथ्याशी येऊन सतरंजीची टोकं धरली. मी उशाकडून तीच सतरंजी घट्ट धरली.

पारूबाई उठून बाहेर गेली. आली ती डोक्यावर घमेलं घेऊन. घमेल्यात तिच्या रानातली काळी माती. ते तिनं खाटेवर ताईंच्या कुशीला ठेवलं आणि ताईंचा हात अलगद मातीवर टेकवला.

“हे काय?” तात्या ओरडले.

“भुई. बाईला खाली येववत न्हाई, मंग भुई वर आणली.”

“याला शास्त्राचा आधार आहे का?”

“फरशीला हाय व्हय? ती तर शहाबादंवरनं आलीया!”

हलीमाबी पदर तोंडाला लावून हसली. तात्या लालबुंद झाले. “चार लोक काय म्हणतील! ही काय थट्टा चालवलीय? सदा, धर त्या बाजूनं!”

सदा जागचा हलला नाही.

तेवढ्यात ताईंची बोटं हलली. त्यांनी मातीतलं एक ढेकूळ चिमटीत धरून सावकाश फोडलं, बोटांवर चोळून पाहिलं. डोळे उघडले आणि थेट तात्यांकडे बघून म्हणाल्या,

“भावोजी, माती चांगली आहे, हिच्यात मेथी टाका, मला अजून वेळ लागेल.”