माझ्या वाट्याचा विषय

विद्यापीठात मानवी हक्क आणि समता शिकायला गेले तेव्हा वाटलं होतं, निदान इथे तरी कोणी आडनाव ऐकून अंदाज बांधणार नाही. दोन हजारनंतरची ती सुरुवातीची वर्षं. विभाग नवा, बाकं नवी, आणि आमच्या मॅडमचा उत्साह तर इतका नवा की त्याची धास्तीच वाटायची.

मॅडम वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. जातीचं प्रकरण सुरू झालं की त्या पुस्तक मिटायच्या, माझ्याकडे वळायच्या आणि आवाज मऊ करून म्हणायच्या, "हं, तू सांग. तुझ्याकडे अनुभव आहे." सगळा वर्ग वळून बघायचा. मी काय सांगणार कपाळ? अंबरनाथ पूर्वेला फ्लॅटमध्ये वाढलेली मुलगी मी; पप्पा कारखान्यात सुपरवायझर, आई शाळेत शिक्षिका. लहानपणी मला सगळ्यात जास्त छळलं ते गणिताने. बाकीचे अनुभव नव्हते असं नाही, होते दोन-चार. पण फर्माईश आली की उभं राहून गाऊन दाखवावेत असे ते नव्हते. मी गप्प बसले की मॅडमचा चेहरा पडायचा, आग्रहाने वाढलेलं पाहुण्याने पानात टाकल्यावर पडतो तसा.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचे विषय वाटले. वाटले म्हणजे शब्दशः वाटले. मुस्लिम मुलाला अल्पसंख्याक, आदिवासी मुलाला जंगलावरचे हक्क, उल्हासनगरच्या माझ्या सिंधी मैत्रिणीला निर्वासित, आणि मला, अर्थातच, जातिभेद. ज्यांच्या आडनावाला कुठलंच दुःख चिकटलेलं नव्हतं त्यांना मानवी हक्कांचं तत्त्वज्ञान. समतेच्या वर्गात ही अशी पंगत बसली होती आणि कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मला बारवी धरणावर लिहायचं होतं. आमच्या नळाला येणारं पाणी तिथलं. आणि त्याच धरणाच्या कडेच्या वाड्यांमधल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन डोंगर उतरतात, हे एकदा पाहिलं होतं आणि ते डोक्यातून जात नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "पाण्यावर कोणीही लिहील गं. तुमचं दुःख तुम्हीच लिहायला हवं."

मला अभ्यास करायचा होता. अभ्यासाचं साहित्य व्हायचं नव्हतं. हे घरी पप्पांना सांगितलं. ते दर रविवारी विहारात मुलांना शिकवायचे, मुलगी मानवी हक्क शिकते म्हणून कॉलर ताठ करून फिरायचे. वाटलं, ते तरी माझ्या बाजूने उभे राहतील.

"मॅडम बरोबर बोलतात," पप्पा म्हणाले. "आपलं आपण नाही लिहायचं तर कोणी लिहायचं?"

"आणि धरणाचं कोण लिहिणार पप्पा, धरण?"

ते हसले, पण पटलं नाही त्यांना. मी चरफडत झोपायला गेले.

सुटका केली ती मैत्रिणीने. कँटीनमध्ये वडापाव खाता खाता म्हणाली, "तेरा विषय मेरेको दे ना यार. फाळणीवर मी काय लिहू? दादाजींना विचारलं तर ते कपडे का भाव सांगतात." ती मॅडमकडे गेली, जातिभेद मागितला. मॅडम चक्क खूश! म्हणाल्या, बाहेरून बघणारी नजर तटस्थ असते. आता मीही धरणाकडे बाहेरूनच बघणार होते, पण माझी तटस्थता त्यांच्या हिशेबात बसत नव्हती. तरी जातिभेदाला माणूस मिळालं म्हटल्यावर वैतागून त्यांनी मला पाणी देऊन टाकलं.

आई मला एकटीला वाड्यांवर जाऊ देईना, म्हणून मैत्रीण सोबत आली. बदलापूरहून टमटम, पुढे पायी. ऊन असं की बोलायचंही त्राण नव्हतं. एका शेतकऱ्याच्या घरी ओटीवर बसलो. घरची बाई फार चांगली. विहीर कधी आटते, हंड्यासाठी किती खाली उतरावं लागतं, टाकी बांधली पण पाणी कसं चढलंच नाही, सगळं हातचं काम टाकून सांगत बसली. मग उठता उठता तिने विचारलं, "कुठची गो तू? आडनाव काय तुजा?"

मी सांगितलं. ती आत गेली, पाणी घेऊन आली. मैत्रिणीच्या हातात तिने पेला दिला. मला म्हणाली, "तू वंजळ धर, बाय. वरून वतते."

तिच्या आवाजात काडीचाही राग नव्हता. त्या वाडीत पाणी किती लांबून येतं ते तिने आत्ताच सांगितलं होतं, आणि तहान तर अशी की घसा चिकटला होता. मी ओंजळ धरली.

परत येताना मैत्रीण म्हणाली, "यार, वो..."

"सोड," मी म्हटलं.

राग त्या बाईचा आला होता, स्वतःच्या तहानेचा आला होता, पण सगळ्यात जास्त आला तो याचा, की हे कळलं तर मॅडम म्हणतील, बघ, मी म्हणत नव्हते? अख्खं धरण बाजूला राहील आणि माझी ओंजळ तेवढी पुढे येईल. मी ठरवलं, यातला एक शब्दही लिहायचा नाही. माझ्या प्रबंधात विहीर आली, टाकी आली, त्या बाईचा हंडा आला. मी कुठेच आले नाही.

प्रबंध तपासून झाल्यावर मॅडमनी वर्गात एक उतारा वाचायला घेतला. मैत्रिणीच्या प्रबंधातला. एका वाडीत पाणी मागणाऱ्या दोघींपैकी एकीला पेला मिळाला, दुसरीला ओंजळ धरावी लागली. कोणाचं नाव नव्हतं. नाव गाळलं म्हणजे मैत्री सांभाळली, असं तिला मनापासून वाटलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. ती बाकावरच्या रेघोट्या बघत राहिली. मॅडमनी तो उतारा पुन्हा एकदा, सावकाश वाचला.

"याला म्हणतात संवेदनशील नजर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. या वेळी आवाज मऊ नव्हता. "तूही याच वाड्यांवर हिंडलीस ना? तुझ्या प्रबंधात याचा उल्लेखसुद्धा नाही. तुला हे कसं दिसलं नाही?"

"मी बघत नव्हते, मॅडम," मी म्हणाले. "मी पीत होते."