डाळिंबाच्या फोल्डरला लावलेली तीट

बारामतीच्या त्या ऑफिसात दुपारी पंखा संथ फिरायचा आणि खिडकीतल्या लिंबाची सावली कॉम्प्युटरच्या पडद्यावर पडायची. मला वाटायचं, अक्षरंच हलताहेत. कोड लिहायच्या एडिटरमध्ये डाव्या बाजूला एक पट्टी असते. कामातल्या साऱ्या फाइली तिथं दिसतात, फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक. ती पट्टी दाखवणारं प्लगिन, म्हणजे एडिटरला जोडायचा छोटा प्रोग्राम, ताईंनी मला पहिल्याच दिवशी बसवून दिलं होतं. काम नसलं तरी मी फोल्डर उघडत-मिटत बसायची.

ताई कन्हेरीच्या, ऑफिस त्यांचंच. मी बीडकडची. आईबाप ऊसतोडीला सोमेश्वरनगरला यायचे, त्या फेऱ्यांत माझी शाळा सातवीलाच सुटली. तरी ताईंनी मला समोर बसवून शिकवलं. ते ऋण सांगून संपायचं नाही. त्या म्हणाल्या होत्या, "डाळिंबाचं काम पुरं कर. बागायतदारांना पटलं तर तुला कायम ठेवते." कुठल्या बागेला कधी फवारणी झाली, ते मोबाइलवर दिसेल असं वेबपेज होतं ते.

डाळजचे एक बागायतदार, तात्या, ते बघायला येणार होते, त्या दिवशी सकाळी पेज पुरं झालं. इतकं देखणं दिसत होतं की कुणाची तरी नजर लागेल असं वाटलं. आमच्याकडं बाळ जरा गुटगुटीत दिसलं की काजळाची तीट लावतात, दृष्ट लागू नये म्हणून. मी त्या कामाच्या फोल्डरच्या नावाआधी तसंच एक टिंब दिलं. एवढंच.

एंटर दाबलं आणि फोल्डर गेलं.

वरचं होतं, खालचं होतं, मधलं माझं तेवढं नव्हतं. पेज उघडलं तर पांढरं. पट्टी मिटली, उघडली. प्लगिन बंद करून चालू केलं. एडिटरच बंद करून पुन्हा उघडला. काही नाही. इतके दिवस आपण काही केलंच नव्हतं, नुसतं पंख्याखाली बसून स्वप्न पाहिलं, असं वाटायला लागलं. आणि त्या तरंगत्या अवस्थेतच मला जिन्यावर तात्यांच्या चपला ऐकू आल्या.

"ताई, प्लगिन बिघडलंय," मी म्हणाले.

"सकाळी तर नीट हुतं. शेवटी काय केलंस?"

"काही नाही."

"काय न्हाय केल्यावर फोल्डर पळून जातंय व्हय?"

तोवर तात्या येऊन बसले होते, चहाचा कप घेऊन ऐकत होते. वीज गेली होती म्हणावं, असं मनात आलं. पण ताईंशी खोटं बोलायला जीभ वळेना. मी टिंबाचं सांगितलं. तीट का लावली, तेही.

ताईंनी एक बटण दाबलं. मघाच्याच जागी माझं फोल्डर उमटलं, फिकट, धुक्यातल्यासारखं. "टिंबानं सुरू हुणारं नाव हे प्लगिन लपवून ठेवतं," त्या म्हणाल्या. "चुकून हात लागू नये अशा फाइलींची ती खूण हाय. नि तू नावच बदललंस, मग पेजला फोल्डर कुठनं सापडंल?"

"आमीबी दृष्टीसाठी बागंला फाटका बूट टांगतो गं," तात्या हसत म्हणाले, "पर बाग दिसतीच की!"

ताईंनी मलाच टिंब काढायला लावलं. पेज उघडलं. तात्यांनी त्यावर आपली बाग शोधली, बोट सरकवत बराच वेळ वाचलं.

"काम बरं हाय. पोरगी कशी हाय?"

"कच्ची हाय अजून."

मी उठून तात्यांचा रिकामा कप उचलला.

"असू दे की. शेवटी चूक झाकली न्हाय तिनं. आमच्या गावची माहिती भरून घ्यायला हिलाच धाडा."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. "सोमवारी जाशील? नि हितनं पुढं कायमचीच ये कामाला."

मी हो म्हणाले की नुसती मान हलवली, आठवत नाही. सोमवारी डाळजला जायला भिगवणच्या एसटीत बसल्यावर आईला फोन लावला आणि सांगितलं, ठेवून घेतलं मला.