साडभाऊंनी न सांगितलेलं हॉटेल

परभणीला उतरलेला माणूस उपाशी परत गेला, तर एकतर त्याने कडक उपास धरलेला असला पाहिजे, नाहीतर त्याची आणि आमच्या साडभाऊंची गाठ पडली नसली पाहिजे. तिसरं कारण संभवत नाही. हे वाक्य मी कित्येक वर्षं मनात घोळवतो आहे आणि कागदावर उतरवायचं टाळतो आहे. साडभाऊंबद्दल लिहायला बसलं की त्यांच्या गमती आपोआप सुचत जातात, आणि सगळ्या गमती संपल्या की एक टेबल उरतं. त्याच्या एका टोकाला ते बसलेले असतात, दुसऱ्या टोकाला मी. तिथवर आलो की मी पेन खाली ठेवतो. आता वय असं झालं आहे की खाली ठेवलेलं पेन परत उचलायला मिळेलच याची खात्री नाही. तेव्हा या वेळी टेबलापर्यंत जायचं असं ठरवूनच बसलो आहे.

साडभाऊ म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी एसटीत, बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत. खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी होती आणि ती दोन्ही बाजूंनी लागू आहे असा त्यांचा समज होता. प्रवाशाने त्यांच्याकडे चौकशी करायची, तशी त्यांनीही प्रवाशाची करायची. कुणी विचारलं, “सोनपेठची गाडी कधी हाय?” की हे म्हणत, “गाडीला अवकाश हाय. जेवला का?” तो बिचारा नाही म्हणाला की पुढचे प्रश्न सुरू. सकाळी काय खाल्लं? दात धड आहेत का? गाडी लागते का? “लागती? मग तेलकटाला हात लावू नका. समोर जा, दहीभात मागा, अन् सांगा खिडकीतल्यानं पाठवलंय.” मागे रांग वाढत असे. रांगेतून कुणी ओरडे, “ओ मास्तर, गाडी निघायलीय!” साडभाऊ मान वर न करता उत्तर देत, “निघू द्या. मागून दुसरी हाय. पोट एकच हाय.” एकदा तर त्यांनी कर्ण्यावरून जाहीर केलं की गंगाखेडकडे जाणारी गाडी उशिरा सुटेल, तोवर प्रवाशांनी गेटासमोरची भजी खाऊन घ्यावीत, मात्र दुसऱ्या घाण्याची, कारण पहिल्या घाण्याला तेल नीट तापलेलं नसतं. वरच्या साहेबांनी बोलावून चांगलं फैलावर घेतलं. साडभाऊ खाली मान घालून दाराशी आले, तेव्हा मागून साहेबांचा आवाज आला, “अन् हा दुसरा घाणा निघतो कधी?”

माणसाच्या खिशात किती आहे हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. तो त्यांना परक्याच्या घरात डोकावण्यासारखा आगाऊपणा वाटे. ते विचारत, “भूक किती हाय?” सुटाबुटातला माणूस बेधडक म्हणे, कडकडून लागली आहे. मुलाखतीला आलेला, घामेजलेल्या शर्टातला उमेदवार म्हणे, “तशी काही खास नाही.” अशा माणसाला साडभाऊ पेडगावच्या ताईंच्या खानावळीत धाडत. या ताई मूळच्या पेडगावच्या, स्टेशनच्या बोळात पत्र्याच्या छपराखाली त्यांच्या चुली; तिथे एकदा ताट घेतलं की भाकरी आणि वरण नको म्हणेपर्यंत येत राहायचं. “भूक न्हाई म्हणणाराच लय खातो,” साडभाऊ मला एकदा म्हणाले, “फक्त त्याला कुणी बघायला नको.” म्हणून ताईंना ताकीद होती, की अशा माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवायचं.

गळ्यात तुळशीची माळ. जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. तरी उरुसाच्या दिवसांत बाहेरगावची मंडळी मटण, तहारीचा भात कुठे खावा ते याच माळकऱ्याला विचारत आणि याच्या सांगण्यावर डोळे झाकून जात. मी एकदा म्हटलं, “साडभाऊ, तुम्ही तोंडात घातलं नाही ते दुसऱ्याला कसं सांगता?” ते म्हणाले, “मी ताटाकडं बघतच न्हाई. समोरच्या पारावर बसून खाणाऱ्याकडं बघतो. दारातून बाहेर पडताना माणूस हात हुंगला की ते हॉटेल खरं. दात कोरत, इकडंतिकडं बघत बाहेर आला की खोटं.” एरवी हॉटेलात ते पुढून कधी शिरत नसत. मागच्या दारानं जात, मोरी बघत, पातेल्यावरची झाकणं उचलत. मालक कावत, पण हा माणूस फुकटचा चहासुद्धा घेत नाही म्हटल्यावर त्याला म्हणणार काय? सगळ्यात मोठी परीक्षा मालकाचीच. “ज्या हॉटेलाचा मालक घरून डबा आणतो, तिथं आपुन पाण्याचा गिलास पण उचलू नये.” या एका वाक्यामुळे गावातले दोन मालक डबा पेपरात गुंडाळून आणायला लागले होते.

एका उन्हाळ्यात एक जैन जोडपं संध्याकाळच्या गाडीनं उतरलं. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, कांदा-बटाटा नाही, आणि गाडी तर आधीच उशिरा आलेली. साडभाऊंनी खिडकीला फळी लावली, दोघांना रिक्षात घातलं आणि आपण पुढे सायकलवर. ताईंच्या दारात पोचले ते ओरडतच, “ताई, मूग टाका! सूर्य थांबायला तयार न्हाई!” मग ती दोघं आत जेवताहेत आणि हे बाहेर रस्त्यात कमरेवर हात ठेवून मावळतीकडे बघत उभे, क्रिकेटच्या पंचासारखे. मधूनच आत वर्दी, “जेवा सावकाश, अजून टेकला न्हाई!” आणि शेवटी, “आता आवरा, बुडायलाय!” जेवण झालं तेव्हा त्या बाईंनी वाकून नमस्कार केला. साडभाऊ इतके लाजले की सायकल तिथेच विसरून रिक्षाने परत आले.

आता ते टेबल.

माझ्या मुलीला बघायला जालन्याकडची मंडळी यायची होती. श्रावण होता. स्थळ फार चांगलं, मुलगा मुलीला आधीच पसंत, पण त्यांच्या घरात आजोबांचा शब्द शेवटचा, आणि आजोबा चातुर्मास पाळणारे. आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याचं हवं तेवढं खाऊन घ्यायचं, मग थेट कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद. तरुणपणापासूनचा नेम, एकदाही न मोडलेला. नेमका तेव्हाच आमच्या हिचा हात मोडून प्लास्टरमध्ये. जेवण बाहेरच करावं लागणार म्हणून मी साडभाऊंना विचारलं. ते म्हणाले, “ताईंकडं न्या. चातुर्मासाची त्यांची चूलच वेगळी असती.” पण माझ्या डोळ्यांसमोर बायपासवरचं नवं हॉटेल होतं. काचेची दारं, गार हवा, टेबलावर फुलासारखे दुमडलेले रुमाल. मी म्हटलं, “व्याह्यांना काय पत्र्याखाली बसवू?” साडभाऊ म्हणाले, “साडभाऊ, मी मागून बघून आलोय. तिथं सकाळीच कांद्यालसणाचं एक मोठं पातेलं शिजवून ठेवतात अन् दिवसभर सगळ्या भाज्या त्याच्यातच बुडवतात. पाटीवर काही लिहिलेलं असू द्या. तिथं तेवढं जाऊ नका.” मी म्हटलं, बरं, बघतो. आणि नव्या हॉटेलात टेबल सांगून आलो. कांदा-लसूण नको हे मी तिथे पुन्हा पुन्हा बजावलं होतं, हे खरं आहे. पण मला सांगितलं गेलं होतं, हे त्याहून खरं आहे.

त्या दिवशी साडभाऊ दारातच थबकले. त्यांनी हॉटेलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टेबलाच्या लांबच्या टोकाला जाऊन बसले. स्वतःसाठी नुसता दहीभात मागवला. आजोबांजवळ जाऊन काही सांगावं म्हणून ते एकदा अर्धवट उठलेही. मी डोळ्यांनी त्यांना खाली बसवलं. आजोबांना पनीरची भाजी फार आवडली. त्यांनी ती पुन्हा घेतली. व्याही खुशीत येऊन वाढणाऱ्याला म्हणाले, “वा! कांदा-लसूण नसून ही चव? काय घालता हो यात?” तो माणूस साधा, त्याला काय ठाऊक. म्हणाला, “कांद्याचीच ग्रेव्ही हाय ना साहेब. समद्यांला तीच असती.”

आजोबांनी हातातला घास ताटात ठेवला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते आपल्या हाताकडे नुसते बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात आहे. माझी मुलगी समोर बसली होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. व्याह्यांनी हळू आवाजात विचारलं, “हे हॉटेल कुणी ठरवलं?”

आणि मी म्हणालो, “आमच्या साडभाऊंनी. गावातलं खाण्यापिण्याचं सगळं त्यांनाच विचारून असतं.”

टेबलाच्या त्या टोकाला चमचा थांबला. साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग ते उठले, आजोबांजवळ आले आणि हात जोडून म्हणाले, “माझंच चुकलं, बाबा. माळकरी माणूस मी. मागून बघायला पायजे होतं. न्हाई बघितलं.” उभ्या जन्मात त्यांनी मागून न बघितलेलं हॉटेल नव्हतं. आजोबांनी त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं आणि म्हणाले, “अहो, चूक माणसाच्याच हातून होते.” दुसऱ्या दिवशी आजोबांनी पोखर्णीच्या नरसिंहापुढे प्रायश्चित्त घेतलं. साडभाऊ त्यांना सोबत घेऊन गेले आणि स्वतःही दिवसभर निरंकार राहिले. येताना दोघांची दोस्ती झालेली होती आणि लग्न ठरलेलं होतं.

सगळं गोड झालं, असं म्हणून इथे थांबता आलं असतं. पण त्या दिवसापासून त्या खिडकीतून फक्त गाड्यांच्या वेळा ऐकू यायला लागल्या. कुणी विचारलं, जेवायला कुठे जावं, तर साडभाऊ म्हणत, “बाहेर विचारा. मला त्यातलं काही कळत न्हाई.” ताईंनी निरोप धाडला, साहेबांनी स्वतः येऊन विचारलं, उत्तर तेच. शेवटी आमची ही त्यांच्यावर चिडली. “दाजी, एका चुकीपायी एवढं काय मनाला लावून घ्यायलात?” तिलाही मी खरं सांगितलं नव्हतं. साडभाऊ हसून म्हणाले, “व्याही मंडळी याच स्टँडवर उतरतात. मी परत लोकांना ताटं दाखवायलोय असं दिसलं तर म्हणतील, ह्या माणसाला चुकीचं काहीच वाटलं न्हाई. मग पोरीला ऐकावं लागंल.” न केलेली चूक एकदा कबूल केली आणि ती त्यांनी इमानदारीनं शेवटपर्यंत निभावली. आपल्याला खऱ्या चुकासुद्धा एवढ्या निभावता येत नाहीत.

निवृत्तीनंतर ते सोनपेठला मुलाकडे राहायला गेले. एकदा मी ठरवून गेलो. सबंध वाटेत वाक्य जुळवत होतो. स्टँडवर ते घ्यायला आले होते. मला बघताच म्हणाले, “भूक किती हाय?” किती वर्षांनी तो प्रश्न ऐकला! आठवडी बाजारामागच्या एका छपरात ते मला घेऊन गेले, आधी स्वतः मागच्या दारानं जाऊन आले, मग मला बसवलं. स्वतः जेवले नाहीत. समोर बसून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, “साडभाऊ, त्या दिवशी हॉटेलात...” त्यांनी माझ्या ताटात ठेचा सरकवला. “आधी जेवा. भाकरी गार व्हायलीय.” मी जेवलो. परतीच्या गाडीत बसलो तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, “पोरगी सुखात हाय ना?” मी मान हलवली. “मग झालं,” म्हणाले. गाडी सुटली. मी बाहेर पाहिलं तर ते स्टँडवरच्या पारावर टेकले होते आणि मी आपला हात हुंगतो का, ते बघत होते. मी हुंगला. ते लांबूनच हसले.

गेल्या हिवाळ्यात साडभाऊ गेले. तेराव्याला जेवणं चालू असताना माझ्या जावयाने ती गोष्ट सांगितली, अगदी प्रेमानं. “काकांनी त्या दिवशी ते हॉटेल सांगितलं नसतं, तर आमच्या आजोबांना असा मित्र मिळाला नसता.” पंगत हसली. मुलगी डोळे पुसत हसली. मीही हसलो. भिंतीकडे तोंड करून बसावंसं वाटलं.

सोनपेठच्या वाटेवर जुळवलेलं ते वाक्य अजून तसंच्या तसं पाठ आहे. फार मोठं नाही. भाकरी गार व्हायच्या आत बोलून झालं असतं.

साडभाऊ, ते हॉटेल तुम्ही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. मला माफ करा.