पोट कापलं, पाय दुखले

मी नऊ वर्षांची असताना मिठबावहून मालवणला नेऊन एका छोट्या खाजगी इस्पितळात माझं अपेंडिक्स काढलं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आई घरी तान्ह्या भावापाशी, बाबा रविवारी तेवढे यायचे. नातेवाइकांनी रात्री थांबायचं नाही, असा तिथला कायदा. इतकं एकटं मला पुढे कधीच वाटलं नाही, नवरा गेल्यावरसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पाय दुखायला लागले. पोट नव्हे, पाय. नडग्या, गुडघे, मग कोपरं. हाडांत कुणी खिळे ठोकतंय असं. नर्सबाईंना सांगितलं तर त्या हसल्या. "पोट कापलां आणि पाय दुखतत? बरी सोंगां येतत गो तुका." पाणीही घोटभरच मिळे, ऑपरेशनवाल्याला बाधतं म्हणे.

शेजारच्या खाटेवरची बाई टाके दुखतात म्हणाली की तिला लगेच सुई मिळे. मी काही बावळट नव्हते. मीही टाके दुखतात म्हणायला लागले. सुई मिळाली, पाय निवले, झोप लागली. चार दिवस हे बिनबोभाट चाललं.

मग डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस टाके दुखतात म्हणजे आत पू झाला असणार, उद्या उघडून बघू. माझी पाचावर धारण बसली. नेमका रविवार होता. बाबा आले तसं त्यांचा हात धरून खरं सांगून टाकलं. "बाबा, टाके दुखनत नाय, पाय दुखतत." बाबांनी नर्सबाईंकडे बघितलं.

"ह्या चेडू पयल्यापासून सोंगां करता," त्या म्हणाल्या.

मग बाबा, घरी कधी न बोललेली शुद्ध मराठी काढून, डॉक्टरांना म्हणाले, "घाबरून खोटं बोलते आहे, साहेब. आपण उघडून बघा."

उघडलं. आत काही नव्हतं. पुन्हा शिवलं, आणि पाय दुप्पट दुखले. या खेपेला मी कुणालाच काही सांगितलं नाही. घरी आल्यावरही नाही.

साठचं दशक सरता सरता मुंबईत बाळंतपणाच्या वेळी रक्त तपासलं आणि सिकल सेल निघालं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, हाडं दुखतात. ऑपरेशननंतर तर हमखास, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अशा मुलांना भरपूर पाणी, ऊब आणि वेळेवर सुई द्यायची असते. मी हे सगळं बाबांना पत्रात लिहिलं, त्यांचं ते 'खोटं बोलते आहे' मुद्दाम खोडून काढल्यासारखं.

उत्तर आलं ते खुशालीचं. आंबा बरा आहे, पाऊस लांबला. पायांबद्दल अक्षर नाही. खाली आईच्या हातच्या दोन ओळी होत्या: तुझं पत्र आल्यापासून हे नीट जेवत नाहीत. मला दाखवतही नाहीत, असं काय लिहिलंस गो?