कुठलं 'इंगिह'?

१२ ऑगस्ट २०१९. दोन लाख पस्तीस हजार रुपिया. घरातल्या दोन शेगड्या सिलिंडरवरून काढून नळाच्या गॅसवर घ्यायची ही मजुरी ठरली, नळी आणि आवळायच्या पट्ट्या धरून. ठरवताना मी हजर होतो, कारण साक्षीदाराशिवाय बू वार्तिनी भाजीवाल्याशीसुद्धा बोलत नसत.

जावा बेटावरच्या सेमारांग शहरात, आमच्या गल्लीत, त्यांचं घर माझ्या घरासमोर आहे. (बू म्हणजे बाई, पाक म्हणजे राव, मास म्हणजे दादा; आमच्याकडे नावाआधी असं लावतात.) नवरा बंदरात क्रेन चालवायचा. तो गेल्यावर त्यांनी लुंपिया, म्हणजे सारण भरलेल्या गुंडाळ्या, करून विकायला सुरुवात केली आणि त्यावर दोन मुली शिकवल्या, उजवल्या. लुंपियाच्या सारणात बांबूचे कोंब असतात. कोंबांना उग्र, कुबट वास. तो पुरता घालवणं हीच त्यातली कला. बू वार्तिनींच्या सारणाला वासाचा मागमूसही नसे, म्हणून शहरातलं एक नावाजलेलं दुकान रोज त्यांचा माल घेई.

आणि बू वार्तिनींना स्वतःला वासच येत नव्हता. एका तापात नाक गेलं ते परत आलं नाही. हे फक्त मला ठाऊक होतं. दुकानाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी माल बंद. म्हणून कोंब उकळले की त्या दारातून हाक मारत, "पाक सुगेंग, कॉफी निवतेय!" मी जाऊन पातेल्यावर वाकायचो आणि "अजून आहे" किंवा "गेला" एवढं सांगायचो. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातला मी माणूस, ही नाकाची नोकरी अशी पदरात पडली. आता त्यांनी धंदा बंद केला आहे. "लिहा खुशाल, पण तिखटमीठ लावाल तर बघा," असं त्यांनीच बजावलंय.

ज्याला वास येत नाही त्याने गॅसजवळ कोणावर विश्वास ठेवायचा? त्या कोणावरच ठेवत नसत. एकदा टोप्या घातलेले दोघे 'गॅस तपासणी' म्हणत आले. गल्लीच्या प्रमुखाचं नाव घेऊन त्यांनी बायका जमवल्या आणि तिप्पट भावाने रेग्युलेटर गळ्यात मारले. बू वार्तिनींनी दारातच विचारलं, "प्रमुखाने पाठवलं ना? मग त्याच्या बायकोचं नाव सांगा." दोघे जे पळाले ते पुन्हा दिसले नाहीत.

त्यामुळे गल्लीत नळाचा गॅस आला आणि जोडणीला मास जुमादी आला, तेव्हा त्याची काय गत झाली असेल ते सांगायला नको. पन्नाशीकडे झुकलेला, मवाळ बोलण्याचा माणूस. त्याचं ओळखपत्र त्यांनी त्याच्या गालाला लावून पाहिलं.

"फोटोत मिशी आहे."

"काढली, बू. बायकोला आवडत नव्हती."

"बायकोचा फोन नंबर द्या."

त्याने दिला. त्यांनी लावला. मिशीची खात्री झाल्यावरच त्याला उंबरा ओलांडता आला.

पुढची शेगडी त्याने व्यवस्थित जोडली, साबणाचा फेस लावून तपासली. मागच्या खोलीत मात्र सारणाची मोठी शेगडी होती, आणि तिथे परका माणूस शिरू द्यायचा नाही हा बू वार्तिनींचा नियम. सारणात काय पडतं ते त्याने पाहिलं तर? त्या पडदा धरून उभ्या राहिल्या आणि त्याने पडद्याखालून हात घालून, अंदाजाने, नळी बसवली.

"सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"इंगिह, बू."

"नक्की?"

"इंगिह."

आमच्या जावानी बोलीत वडीलधाऱ्यांना 'हो' म्हणायचं ते असं. बू वार्तिनींचा चेहरा सैल झाला. ओळखपत्रावर, मिशीवर, बायकोवर संशय घेणारी ही बाई त्या एका शब्दावर मात्र डोळे मिटून विसंबली. लहानपणापासून कानावर पडलेला शब्द. त्याच्यावर कोण संशय घेणार!

दुपारी हाक आली. मी गेलो, सवयीने मागच्या खोलीच्या पडद्यापाशीच हुंगलं आणि म्हणालो, "कोंबांचा वास अजून आहे."

त्या हातातला झारा खाली ठेवत म्हणाल्या, "कोंब तर मी सकाळीच परसात नेऊन ठेवलेत, तिथे हुंगायला बोलावलं तुम्हाला. पातेलं रिकामं आहे. तुम्हाला वास कशाचा येतोय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग मी मीटरजवळची तोटी बंद केली, त्यांनी खिडक्या उघडल्या. दिव्याच्या बटणाला कोणीही हात लावला नाही. जुमादीला रस्त्यावरून फोन केला.

तो धापा टाकत आला. बू वार्तिनी दारातच कडाडल्या, "तू इंगिह म्हणालास!"

"बू, तुम्ही मला आत जाऊ दिलं नाहीत. वर दोनदा विचारलंत. मोठ्या बाईच्या तोंडावर नाही कसं म्हणू?"

"म्हणजे घर पेटलं असतं तरी इंगिहच?"

"आधी इंगिह म्हणालो असतो," तो खाली बघत म्हणाला, "मग पळालो असतो."

मला हसू आवरेना. बू वार्तिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की ते आवरलं.

त्यांनी पडदा बाजूला केला. परक्या माणसासाठी पहिल्यांदाच. जुमादी आत गेला, नळी काढून पुन्हा बसवली, पट्टी आवळली. मी तोटी उघडली, त्याने फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. हात पुसता पुसता त्याने सहज विचारलं, "पण बू, इतका वास सुटला असणार, तुम्हाला कळलं कसं नाही?"

मी घाईघाईने म्हणालो, "त्यांना सर्दी झालीये."

"गप्प बसा, पाक सुगेंग," बू वार्तिनी म्हणाल्या. "गॅस जोडणाऱ्याला खोटं सांगायचं नाही, आज कळलं मला." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "मला वास येत नाही. कित्येक वर्षं झाली. दुकानाला कळलं तर माझी चूल बंद. बाहेर बोलायचं नाही."

"इंगिह, बू."

"थांब. हे कुठलं इंगिह? ऐकलं म्हणून, की बोलणार नाही म्हणून?"

जुमादीने मान वर केली. मग मान-मर्यादेची भाषा सोडून, घरच्यासारखं, साध्या बोलीत म्हणाला, "नाही बोलणार."

त्यानंतर बू वार्तिनींनी प्रश्न विचारायची पद्धतच बदलली. 'ठीक आहे ना?' हे बंद. दर वर्षी जुमादी तपासणीला आला की त्या विचारत, "कुठे गळतंय?" याला इंगिह म्हणून सुटता येत नाही. कुठे ते शोधावं लागतं, नाहीतर 'कुठेच नाही' असं तोंडाने म्हणावं लागतं.

मजुरीतले दोन लाख त्यांनी त्याच दिवशी मोजून दिले. उरलेले, गल्लीत ही गोष्ट फुटली नाही याची खात्री पटल्यावर देईन म्हणाल्या. गोष्ट फुटली नाही. पण बू वार्तिनींची खात्री पटायची आहे.

पस्तीस हजार रुपिया अजून देणं आहे.