वहिनीचा ओला पदर

दादाची तार आली तेव्हा मी अमरावतीत गच्चीवर पापड वाळत घालत होते. नलूवहिनी गेली, लगेच ये. माझी ही वहिनी याआधीही एकदा जाता जाता राहिली होती, त्यामुळे अकोल्याच्या एसटीत बसले तरी मन काही मानेना...

तेव्हा ती चुलीपुढे डोकं धरून कोसळली होती. दादाने तिला अमरावतीच्या दवाखान्यात आणलं. तरुण सर्जन म्हणाले, मेंदूतल्या उजवीकडच्या रक्तवाहिनीला फुगा आलाय, तो एकदा पाझरलाय. पुन्हा फुटला तर काही खरं नाही. डोकं उघडण्याची सोय इथे नव्हती. म्हणून त्यांनी मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या उजव्या शिरेला बारीक चिमटा बसवला. त्याचा स्क्रू बाहेर ठेवला होता आणि तो रोज थोडा थोडा आवळायचा होता. फुग्यावरचा जोर कमी होईल आणि डाव्या बाजूचं रक्त उजवीकडचं भागवेल, असा हिशेब. भागवलं नाही तर डावं अर्धं अंग जाणार. आत काय चाललंय हे दाखवणारं यंत्र कुठलं? डॉक्टर बोटांची मागची बाजू तिच्या कपाळाला लावत, आधी उजवीकडे, मग डावीकडे. उजवीकडे गार पडून परत ऊब आली की रक्त पोचलं. तिचा डावा हात माझ्या हातात असे. तो ढिला पडला तर ओरडायचं, एवढं माझं काम. मला तर रात्रंदिवस तेच सुचे.

"काहून वं सुमन, बोटं मोडतं काय माही?" ती म्हणायची. मरणाच्या दारातही बाईची जीभ काही थांबत नव्हती.

स्क्रूला शेवटचा फेरा दिला त्या दुपारी वॉर्ड नुसता भाजत होता. डॉक्टर थोड्या वेळाने परत आले, कपाळाला बोटं लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. उजवी बाजू थंडगार होती. त्यांनी खिशातून स्क्रूची किल्ली काढली. आता चिमटा सोडायचा म्हणजे फुगा होता तसाच राहणार. दादा दारात भिंतीला टेकला.

तेवढ्यात वहिनी पुटपुटली, "डॉक्टरसाहेब, थांबा जरा. म्या पदर ओला करून ठेवला व्हता त्याच बाजूनं. लय उकडून राहिलं मले. नर्सबाई रागावतीन म्हून तुमी आले तसा काढला."

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. मी मधे पाणी आणायला गेले होते, मला काहीच माहीत नव्हतं. तिच्या शब्दावर थांबावं, आणि ती भ्रमात बोलत असली तर? "बाई, हात दाबा," ते म्हणाले. तिने असा दाबला की माझी अंगठी बोटात रुतली. त्यांनी कपाळ कोरडं पुसलं आणि ते उभे राहिले. कितीतरी वेळाने त्यांनी पुन्हा बोटं लावली, उजवीकडे, डावीकडे, आणि किल्ली खिशात टाकली.

त्यानंतर तिला चांगली वर्षं मिळाली. घरात कुणाला शिंक आली तरी ती तशीच दोन्हीकडे बोटं लावून बघायची. आम्ही हसायचो, तिला डॉक्टरीणबाई म्हणायचो.

अकोल्याला पोचले तेव्हा तिला ओसरीवर ठेवलं होतं. मी बसले आणि बोटं उलटी करून तिच्या कपाळाला लावली. उजवी बाजू गार. डावीही तेवढीच गार. आजूबाजूच्या बायका रडत होत्या. मी मात्र तिचा पदर शोधून चाचपून पाहिला.

कोरडा होता.