चौकोनरावांची घनता
माझ्या धाकट्या भावाला किनाऱ्यावर सगळे चौकोनराव म्हणतात. नाव मीच ठेवलंय. चिखलातल्या शिंपल्या मोजायच्या खात्यात तो नोकरीला आहे. हातात मीटरभर बाजूची लोखंडी चौकट, गळ्यात ओळखपत्र आणि नाक कायम आभाळात. आईने आणि मी ओहोटीला कमरेत वाकून शिंपल्या काढल्या, त्यावर हा शिकला. शिकून काय दिवे लावले, ते ऐका.

मोजायची रीत साधी आहे. ओहोटीला उघडा पडणाऱ्या अख्ख्या पट्ट्यावर फिरायचं, न बघता पाठीमागे चौकट टाकायची, आत सापडतील तेवढ्या शिंपल्या मोजायच्या. अशा तीस जागांची सरासरी म्हणजे घनता. मीटरला विसाच्या वर गेली, तर यंत्राच्या बोटीला परवानगी. नाहीतर फक्त हाताने काढणाऱ्या आम्हा बायकांना. आमचं पोट त्या एका आकड्यावर.

गेल्या वर्षी चौकोनराव बांधावरून फार लांब गेलेच नाहीत. चिखलात पाय कोण घालणार! बांधालगत पाणी साचून राहतं, तिथे शिंपल्यांची दाटी असते, हे शेंबडं पोरही सांगेल. याने तिसाच्या तीस वेळा चौकट तिथेच टाकली.

मी ओरडले, "अरे, मध्ये तरी जा! तिथे मुश्किलीने दोन-तीन मिळतात."

"ताई, तुला यातलं शास्त्र कळत नाही."

आकडा आला साठ. साठ गुणिले अख्खा पट्टा! कागदावर शिंपल्यांचा डोंगर उभा राहिला, साहेबांनी पाठ थोपटली. मग बोट आली आणि आठ भरत्यांत सगळा पट्टा खरवडून गेली.

यंदा साहेब सोबत होते, म्हणून स्वारी मध्यापर्यंत गेली. परत येऊन मला म्हणतो, "संपलंय कुठे, ताई? मीटरला एखादी आहे की. वाढतील परत."

मला त्याची किळस आली. म्हटलं, "एखादी आहे रे. पण नर-मादी पाण्यात बीज सोडतात, ते जवळ असतील तरच एकत्र येतं. इतक्या लांब लांब राहून पिल्लं कुठून होणार?"

तो वहीत बघत राहिला. "हे आम्हाला पुस्तकात होतं," तो पुटपुटला. "परीक्षेलाही आलं होतं."

"मग?"

"पूर्ण मार्क मिळाले होते."

सोमवारपासून मी गोदामात झाडू मारायला जाते. पट्टा संपला, हे आता घरीच असणाऱ्या आईला अजून माहीत नाही. सांगायचं काम मी त्याच्यावर सोपवलंय, आणि तो तेवढंही करणार नाही.